गाळलेले शब्द

मुंबईहून उत्तरेकडे जाणारी आगगाडी ललितपूर, तालबेहट, बबीना अशी स्थानके मागे टाकीत झाशीजवळ येऊ लागते, तेव्हा झाशीच्या अलीकडे बिजौली नावाचे एक लहानसे स्थानक लागते. जलद गाड्यांतील प्रवाशाला ते बहुधा दिसतही नाही. सामान आवरण्याची त्याची घाई तिथूनच सुरू झालेली असते. अलीकडच्या काळात बिजौलीच्या परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहिली. तरी फाल्गुन आला म्हणजे बुंदेलखंडातल्या इतर गावांप्रमाणे तिथेही फागाचे दिवस येतात. अशा गावातल्या एखाद्या शाळेत संगीताची आवड असलेला एक तरुण शिक्षक आहे, अशी कल्पना करावी. दुपारी तो मुलांना भूप रागातले एखादे भजन शिकवितो. संध्याकाळी चावडीवर ढोलक, झांजा वाजू लागतात आणि तीच मुले बापाच्या, काकाच्या मांडीला मांडी लावून फाग ऐकतात. त्या फागात देह आहे, मत्सर आहे, परक्या बाईवरची उघड आसक्ती आहे. वर्गातल्या गाण्यात यातले काहीच नाही. हा भेद आपण का करतो, असा प्रश्न त्या शिक्षकाला रोजच्या रोज पडत असला पाहिजे.

मराठी माणसाच्या संगीतशिक्षणाच्या इतिहासात हाच प्रश्न एका मोठ्या शिक्षकाने आपल्या परीने सोडवून टाकला होता. विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म 1872 सालचा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झाली, शालेय शिक्षण अडले आणि मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. ही विद्याच मुळी प्रवासाने आलेली. स्वतः बाळकृष्णबुवांनी ती ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी राहून मिळविली होती, आणि वासुदेवबुवांना ती हस्सूखाँकडून लाभली होती. 1896 मध्ये पलुसकरांनी मिरज सोडली. सातारा, बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा असे करीत ते पंजाबात गेले, आणि 5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठावीस होते. संस्थानिकाच्या आश्रयाऐवजी लोकांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर संगीताची शाळा चालविण्याचे हे धाडस होते.

या शाळेसाठी त्यांनी अनेक बंदिशींतले शृंगाराचे शब्द काढले आणि त्या जागी भक्तीचे शब्द घातले. राग तोच, ताल तोच, स्वरांची चाल तीच. प्रियकराच्या जागी राम आला. या गोष्टीचा उल्लेख कौतुकाने होतो, कधी तिरकसपणेही होतो. पण तिच्यातला नैतिक पेच क्वचितच उलगडून पाहिला जातो.

ख्यालाचे शब्द बहुधा ब्रज भाषेतले. मिरजेतल्या मराठी मुलाला ते पाठ होत, पण भिडत नसत. सासूची नजर चुकवून निघालेली सून, नणंदेचा जाच, रात्र सरल्यावर दुसरीच्या खुणा अंगावर घेऊन परतलेला नायक, हे सारे मराठी गळ्यातून निर्विकारपणे उमटत असे, जणू ती अक्षरे म्हणजे स्वरांना टांगण्याच्या खुंट्याच. आपल्याकडील घरंदाज मंडळी अशा बंदिशी माजघरातही विनासंकोच ऐकत, याचे एक कारण त्यांच्या रसिकतेपेक्षा त्यांच्या अज्ञानात असावे! पलुसकर मथुरेला राहिले आणि तिथे त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला. तोवर जे ते सुरांत गात होते, ते आता अर्थासह त्यांच्यापुढे उभे राहिले असणार. मिरजेत जो शब्द निरुपद्रवी होता तो मथुरेत बोलू लागला. पुढे लाहोरमध्ये तर ज्यांच्या मुलांना शिकवायचे ते पालक हे शब्द बव्हंशी समजू शकत होते. प्रवासाने माणसाची दृष्टी विशाल होते असे आपण सहज म्हणतो. या प्रवासाने एका गायकाच्या मनात संकोच निर्माण केला, असे मानायला जागा आहे. अर्थ कळला म्हणजे जबाबदारीही येते, आणि ती कोणत्या दिशेने पार पाडावी हे अर्थ सांगत नाही.

पलुसकरांच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल, आणि ते बोललेच पाहिजे. त्या काळी गाणे म्हणजे दरबार किंवा कोठी, असे समीकरण सभ्य समाजाच्या मनात पक्के होते. मुलींनी गाणे शिकणे म्हणजे घराची अब्रू घालविणे. शब्द बदलले नसते तर अनेक घरांची दारे उघडली नसती. आज एखादी मध्यमवर्गीय मुलगी तंबोरा घेऊन परीक्षेला बसते, त्यामागे त्या गाळलेल्या शब्दांची किंमत आहे. शिवाय शब्द बदलणे हा गायकाचा जुनाच अधिकार आहे. बंदिश गावोगाव फिरते, तिच्यातला एखादा शब्द गळतो, दुसरा चिकटतो. कोणाची मूळ रचना आणि कोणाची भर हे काही पिढ्यांनी सांगता येत नाही. या बदलालाच निर्मिती म्हणायचे असेल तर पलुसकरही निर्मातेच ठरतात.

तथापि मैफलीतला बदल आणि वर्गातला बदल यांत अंतर आहे. मैफलीत श्रोत्याने ती चीज इतरत्रही ऐकलेली असते. बदल झाला तर त्याच्या कानाला तो कळतो, आणि त्या कळण्यात आनंदही असतो. वर्गातल्या मुलाजवळ असा दुसरा कान नसतो. गुरू देईल तेच त्याचे मूळ. त्याला दिलेले भजन तो आदिम समजतो आणि पुढे आपल्या शिष्यालाही तसेच सांगतो. दुसरीही एक बाजू आहे. ज्या शब्दांना अस्वच्छ ठरविले ते शब्द शतकभर जिवंत ठेवणाऱ्या कोठीवरच्या गायिका होत्या. त्यांच्या गळ्यातला ठेवा शाळेने घेतला. त्यांना मात्र शाळेच्या दाराबाहेर ठेवले. पलुसकरांचा त्याग खरा होता. शाळेपायी ते कर्जबाजारी झाले, मुंबईची इमारत हातची गेली आणि 1931 साली मिरजेला त्यांचे निधन झाले. परंतु त्याग करणाऱ्याच्या हिशेबात दुसऱ्यांनी सोसलेले सहसा मांडले जात नाही.

झाशीशी संबंध असलेल्या एका मराठी पुस्तकाची कथा इथे आठवते. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने 1857 साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडून झाशीला पोहोचले. पुढे झाशीच्या वेढ्याचे जे प्रत्यक्ष दर्शन त्यांना घडले ते त्यांनी उतारवयात ‘माझा प्रवास’ या नावाने लिहून ठेवले. चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये ते छापले खरे, पण त्यात फेरफार केले, काही मजकूर गाळला. विद्वानाने सद्हेतूनेच केलेले ते काम होते. सुदैवाने मूळ हस्तलिखित टिकले आणि 1966 मध्ये दत्तो वामन पोतदारांनी त्यावरून गोडशांचा मूळ मजकूर वाचकांपुढे ठेवला. वैद्यांचे पाप, म्हणायचेच तर, हस्तलिखिताने धुऊन काढले. गाण्याला असे हस्तलिखित कुठले असणार? भातखंडे यांनी आपल्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत सुमारे 1,800 बंदिशी स्वरलिपीसह छापल्या आणि त्यांतल्या पुष्कळ शब्दांना ते जसे मिळाले तसेच राहू दिले, म्हणून त्यांच्यापुरते तरी ताडून पाहता येते. स्वरलेखनावर निर्जीवपणाचा आरोप करणाऱ्यांनी या एका उपकाराची नोंद घ्यायला हरकत नाही.

मग सारे जसेच्या तसे शिकवावे काय? बिजौलीच्या शिक्षकाला हे उत्तर इतके सोपे वाटणार नाही. त्याच्या वर्गातल्या मुलांना ब्रज परकी नाही; त्यांच्या बुंदेलीची ती सख्खी बहीण आहे. शब्द उच्चारताक्षणी मुले हसतील, मुली माना खाली घालतील. आणि फाग तर त्यांच्या घरचीच. झाशी जिल्ह्यातच, मऊरानीपूरजवळच्या मेंढकी गावचा ईसुरी हा एकोणिसाव्या शतकातला लोककवी. त्याच्या चौकडिया फागा आजही बुंदेलखंडात गायिल्या जातात. ईसुरीने आपल्या फागांत रजऊ नावाच्या स्त्रीला अमर केले. परंतु अमर होण्याची तिची इच्छा होती काय? जिचे नाव चावडीवर ढोलकीच्या ठेक्यात उधळले जाते तिला घरी काय सोसावे लागते, हा प्रश्न मैत्रेयी पुष्पा यांनी ‘कही ईसुरी फाग’ या 2004 सालच्या हिंदी कादंबरीत ऐरणीवर आणला आहे. म्हणजे न गाळलेला शब्दही निरपराध नसतो. सोवळेपणाने एका स्त्रीला शाळेबाहेर ठेवले असेल, तर मोकळेपणाने दुसरीला गावभर केले.

असा शिक्षक एखादे वेळी वहीच्या उजव्या पानावर मुलांना शिकवायचे भजन लिहीत असेल आणि डाव्या पानावर, ज्या चालीवर ते बेतले ती बंदिश, मिळाली तशी, कोणाकडून मिळाली त्या नावासह. वर्गात तो उजवे पान वाचून दाखवितो. परंतु हे शब्द मागाहून घातलेले आहेत, एवढे एक वाक्य तो दर वेळी आधी म्हणतो. बहुतेक मुलांना त्याचे काही वाटत नाही. मागच्या बाकावरचा एखादा मुलगा मात्र होळीच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, टेबलाशी घुटमळत उभा राहतो आणि आधीचे शब्द कोणते होते म्हणून विचारतो. शिक्षक त्याच्या वयाचा अदमास घेत क्षणभर थांबतो, वही उघडतो, मिटतो, आणि दोन वर्षांनी ये असे त्याला सांगतो. वही मात्र तो कपाटाला कुलूप न लावता तशीच ठेवून जातो.