क्षुद्र वस्तूंच्या जन्मतिथि

मोठ्या पुरुषांच्या व मोठ्या घटनांच्या तिथि शोधणाऱ्यास समाज संशोधक म्हणतो. क्षुल्लक वस्तूंच्या तिथि शोधणाऱ्यास तो विक्षिप्त म्हणतो. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या चालला, शकावल्या आणि बखरी एकमेकींशीं ताडून पाहण्यांत विद्वानांचीं वर्षें गेलीं, आणि त्यांनीं वेळ दवडला असें कोणी म्हणत नाहीं. परंतु घरच्या टेलिव्हिजनवर खेळावयाच्या व्हिडिओ गेमची, चाळीस वर्षांपूर्वीं निघालेली व फारशी न खपलेली एखादी कॅसेट नेमकी कोणत्या महिन्यांत दुकानीं आली, हें ठरविण्यासाठीं कोणी वर्षानुवर्षें जुनीं वर्तमानपत्रें चाळीत बसतो असें ऐकलें म्हणजे आपण हंसतों. या हंसण्यांत एक नैतिक सिद्धान्त दडलेला असतो. तो असा कीं, सत्याचें मोल विषयाच्या मोलावरून ठरतें. थोर विषयांतील असत्य हें पाप, आणि क्षुद्र विषयांतील असत्य ही केवळ गफलत. हा सिद्धान्त कितपत टिकतो, हें या क्षुद्र विषयाच्याच आधारें पाहावयाचें आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. ज्या चौकोनी डबीला आपल्याकडील मुलें कॅसेट म्हणत आणि जिला कारखानदारांच्या भाषेंत कार्ट्रिज असें नांव आहे, तिच्यांत फीत नसते. खेळाच्या सर्व आज्ञा जिच्यांत कायमच्या उतरविल्या आहेत अशी चिप असते. डबी बदलली कीं यंत्र तेंच राहून खेळ बदलतो. ही कल्पना अमेरिकेंतील आल्पेक्स नांवाच्या कंपनींत वॉलेस किर्शनर व लॉरेन्स हॅस्केल यांनीं काढली. फेअरचाइल्ड कंपनींतील जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या हाताखालील मंडळींनीं तिला विक्रीयोग्य रूप दिलें, आणि १९७६ च्या नोव्हेंबरांत ‘चॅनल एफ’ हें यंत्र बाजारांत आलें. पुढच्याच वर्षीं अटारीचें यंत्र निघालें. मग पांचसहा वर्षें या धंद्याला असा पूर आला कीं, जो तो कॅसेट काढूं लागला. १९८३ सालीं पूर ओसरला, तेव्हां अटारीनें आपला पडून राहिलेला माल न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो गांवच्या उकिरड्यांत पुरून टाकला. २०१४ सालीं तो उकरून काढीपर्यंत ही गोष्ट खरी कीं दंतकथा, यावरहि वाद होता. ज्या वस्तूंचें दफनसुद्धां संशयास्पद ठरलें, त्यांच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? त्या काळीं प्रकाशनाचा दिवस असा बहुधा मुक्रर नसेच. कारखान्यांतून माल निघे, घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामांत पडे, आणि एका शहरीं आज तर दुसऱ्या शहरीं महिन्यानें दुकानाच्या फळीवर चढे.

अशा वस्तूची तिथि ठरवितांना साक्षी कोण कोण येतात, तें पाहण्यासारखें आहे. डबीवरील चिठ्ठीवर कित्येकदा सन छापलेला असतो. पण तो मालकीहक्काचा सन, विक्रीचा नव्हे. डबी उघडली तर चिपेवर पुष्कळदा चार अंक आढळतात: ८२३४ म्हणजे १९८२ सालचा चौतिसावा आठवडा. ही साक्ष खणखणीत. परंतु ती एवढेंच सांगते कीं, त्या आठवड्यापूर्वीं ही डबी जुळविली गेली नव्हती. शिवाय ही डबी म्हणजे त्या खेळाची पहिली डबी नव्हे. वर्तमानपत्रांतील दुकानदाराची जाहिरात दुसऱ्या बाजूची मर्यादा घालते. तथापि जाहिरात आशेचीहि असूं शकते, आणि जाहिरात झालेले कित्येक खेळ कधीं निघालेच नाहींत. अमेरिकेच्या स्वामित्वहक्काच्या कचेरींत प्रथम प्रकाशनाचा दिवस नोंदलेला सांपडतो. पण ती नोंदहि मालकानें आपल्या हितासाठीं केलेल्या अर्जावरून झालेली. सारांश, प्रत्येक साक्षीदार खरें बोलतो, मात्र आपण विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर न देतां शेजारच्या प्रश्नाचें देतो.

मराठी ग्रंथांच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा नाहीं. १८६७ च्या कायद्यानें छापखान्यांनीं पुस्तकांच्या प्रती सरकारांत भराव्या असें ठरलें, आणि सरकारी याद्यांत पुस्तकाचें नांव, पृष्ठें, किंमत, प्रतींची संख्या व छापखान्यांतून निघाल्याची तारीख यांची नोंद होऊं लागली. वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांची सोय व्हावी हा कांहीं त्या कायद्याचा हेतु नव्हता. मुद्रणावर नजर ठेवण्याची ती व्यवस्था होती. तरीसुद्धां मुखपृष्ठावर नुसता शक असलेल्या पुस्तकाचा महिना ठरवावयाचा असला म्हणजे आज त्या कारकुनी याद्यांकडेच धांव घ्यावी लागते. आपल्यासाठीं म्हणून ठेविलेल्या नोंदीपेक्षां उदासीन माणसानें दुसऱ्याच कामासाठीं ठेविलेली नोंद पुष्कळदा अधिक विश्वासाची निघते, कारण तिला आपणांस खूष करावयाचें नसतें.

आतां खरा नैतिक प्रश्न येतो तो येथेंच. पुरावा जेथें ‘१९८२ चा उत्तरार्ध’ एवढेंच म्हणतो, तेथें महिना आणि दिवस लिहावा काय? अशा वेळीं घडतें तें असें: यादींत दिवसाचा रकाना असतो, रिकामा रकाना डोळ्यांस खुपतो, म्हणून कोणी एक जण महिन्याची पहिली तारीख घालून मोकळा होतो. दुसरा ती उतरून घेतो. दहावा ‘नऊ ठिकाणीं हीच तारीख आहे’ म्हणून तिचा निर्वाळा देतो. साक्षीदार नऊ, पण पाहणारा एकहि नाहीं! अप्रसिद्ध खेळांची ही दशा म्हणावी, तर प्रसिद्धांचीहि वेगळी नाहीं. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ जपानांत १३ सप्टेंबर १९८५ रोजीं निघाला, याविषयीं मतभेद नाहीं. त्याच वर्षाच्या शरदांत निन्तेंदोचें यंत्र न्यूयॉर्कमधील कांहीं दुकानांत चांचणीदाखल ठेवण्यांत आलें. परंतु हा खेळ अमेरिकेंत नेमक्या कोणत्या दिवशीं विकावयास आला, याचें उत्तर निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळें मिळतें. कोट्यवधि घरांत गेलेल्या वस्तूची ही कथा!

आपल्या घरांतहि या प्रकारचा एक बोलका नमुना येऊन गेला आहे. नव्वदच्या दशकांत महाराष्ट्रांतील मध्यमवर्गीय घरांत जीं खेळाचीं यंत्रें आलीं, तीं बहुतेक जपानी फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. त्यांच्या कॅसेटांवर ना सन, ना कर्त्याचें नांव. मात्र एकाच डबींत ९९९९ खेळ असल्याचा आंकडा ठळक अक्षरांत. आंत दहावीस खेळच नांवें बदलून पुन:पुन: फिरत, हें मुलांना दोन दिवसांत कळून येई. खोटा नेमकेपणा कसा असतो, हें शिकविणारी याहून सोपी वस्तु सांपडणार नाहीं. ‘पुष्कळ खेळ’ असें लिहिलें असतें तर ती अतिशयोक्ति झाली असती. ९९९९ लिहिल्यानें तें असत्य झालें. संख्येचा नेमकेपणा ऐकणाऱ्यास सांगतो कीं, ‘कोणी तरी मोजलें आहे.’ मोजलें नसतां तसें सुचविणें ही फसवणूकच होय, मग ती डबीवर असो कीं ग्रंथांत.

‘या फसवणुकीनें कोणाचें काय जातें?’ असा आक्षेप येईल. तो पोकळ नाहीं. माणसाचें आयुष्य थोडें आहे, आणि सर्वच तिथि शोधण्याजोग्या नसतात. तरी एक उदाहरण घेऊं. अटारी कंपनी डबीवर खेळ रचणाऱ्याचें नांव छापीत नसे. म्हणून वॉरन रॉबिनेट यानें आपल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळांत एक गुप्त खोली करून तींत स्वत:चें नांव लपवून ठेविलें. १९८० च्या सुमारास हा खेळ लोकांच्या हातीं पडला, आणि असें नांव लपविणारा पहिला मनुष्य म्हणून रॉबिनेटची कीर्ति झाली. पुढें आढळलें कीं, चॅनल एफसाठीं १९७८ सालीं निघालेल्या ‘व्हिडिओ व्हिझबॉल’ या जवळजवळ विस्मृत कॅसेटींत ब्रॅड रीड-सेल्थ यानें हेंच केलें होतें. आणि २०१७ सालीं तर १९७७ च्या एका नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांतहि असेंच लपविलेलें नांव उघडकीस आलें. ज्यांचें नांव मालकानें पुसलें, त्यांचा अग्रक्रम आतां केवळ तारखेच्या आधारें उभा आहे. ती कॅसेट कोणासहि नको होती. परंतु तिची तारीख निष्काळजीपणें दोन वर्षें पुढें लिहिली गेली असती, तर एका माणसाचा न्याय्य मान कायमचा बुडाला असता.

आणि तारखांवर केवळ मानच अवलंबून असतो असेंहि नाहीं. पाटण तालुक्यांतील कोयनानगरचा भूकंप घ्या. तेथील माणसाच्या मनांत ११ डिसेंबर १९६७, पहांटे चार वाजून एकवीस मिनिटें ही वेळ कोरलेली आहे. भूकंपशास्त्राच्या जागतिक याद्यांत तोच धक्का १० डिसेंबरच्या रात्रीं दहा वाजून एकावन्न मिनिटांनीं नोंदलेला असतो. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. एक आपल्या घड्याळाची, दुसरी ग्रिनिचची. कोणतें घड्याळ हें न सांगतां तारीख लिहिणारा मात्र वाचकास चकवितो. पण तेवढ्यानें भागत नाहीं. सुमारें १८० माणसें ज्यांत मेलीं, तो भूकंप धरणाच्या पाण्यानें ओढवला कीं काय, हा प्रश्न मुळांत अनुक्रमाचा प्रश्न आहे: आधीं पाणी कीं आधीं धक्के? साठच्या दशकाच्या आरंभीं जलाशय भरूं लागला आणि त्यानंतर धक्के जाणवूं लागले, या क्रमावर शास्त्रज्ञांनीं आपलें अनुमान उभारलें. पुढें जलाशयामुळें होणाऱ्या भूकंपांचें उदाहरण म्हणून कोयनेचें नांव जगभर झालें. उलट पक्षाचा आधारहि तारखांचाच होता: धरणापूर्वीं जवळपास भूकंपमापक यंत्रें नव्हतीं, तेव्हां नोंद नाहीं याचा अर्थ धक्का नाहीं असा कसा घ्यावा? जाहिरात सांपडली नाहीं म्हणून कॅसेट निघालीच नाहीं असें म्हणणाऱ्यास जें उत्तर द्यावें लागतें, तेंच हें. विषय बदलला, माणसांचे प्राण त्यांत आले. पुराव्याचा धर्म बदलला नाहीं.

म्हणूनच आरंभींचा सिद्धान्त मला मान्य करवत नाहीं. विषयाच्या थोरवीवरून शोधास किती श्रम द्यावे हें ठरेल. खरें किती बोलावें हें ठरणार नाहीं. तारीख न शोधण्याची मुभा सर्वांस आहे. न शोधतां सांगण्याची कोणासहि नाहीं. थोर विषयांत प्रतिपक्षी जागा असतो, टीकाकार चूक पकडतो, आणि लोकलाजेनें का होईना, माणूस जपून लिहितो. क्षुद्र विषयांत पकडणारा कोणी नसतो. तेथें ‘१९८२, बहुधा उत्तरार्ध’ असें लिहून दिवसाचा रकाना रिकामा ठेवणारा मनुष्य कोणाच्या भयानें तसें करीत नाहीं. आपणांस किती कळलें आणि कोठें कळेनासें झालें, याची सीमा तो प्रामाणिकपणें आंखून देतो. पुढें येणाऱ्या शोधकाला त्या रिकाम्या रकान्यांत भर घालतां येईल. खोट्या तारखेनें भरलेला रकाना त्याला आधीं पुसावा लागेल, आणि तो खोटा आहे हें त्याला कळेलच, याचा भरंवसा कोण देणार?