श्वासाची जुनी ठेव

आत्ता घेतलेल्या श्वासात 21 टक्के प्राणवायू होता. ही ठेव फार जुनी. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी नीलहरित जीवाणूंमुळे ती हवेत साठू लागली. आपण इंधन जाळतो, त्यामुळे हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे प्राणवायूचे साधारण 4 रेणू दरवर्षी कमी होतात. तेवढ्याने हा साठा संपणार नाही. 2021 च्या एका अभ्यासाने त्याला अजून सुमारे 100 कोटी वर्षं दिली आहेत.

मला काळजी वाटते ती पाण्यातल्या श्वासाची. समुद्र तापला की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. आपल्या अरबी समुद्रात तर खोलवर प्राणवायू जवळजवळ नसलेला अफाट पट्टा आहे. पावसाळ्याच्या अखेरीस कोकण-गोव्याच्या किनाऱ्याजवळही असं गुदमरलेलं पाणी वर सरकतं आणि तळाशी राहणाऱ्या माशांना आपली जागा सोडावी लागते.