घुर्यांची साक्ष

ग्रेट निकोबार बेटावर होऊ घातलेल्या बंदराचे समर्थन करताना आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी नुकतेच समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांना साक्षीस बोलाविले आहे. शोम्पेन नावाचे जे मूठभर लोक त्या बेटाच्या अंतर्भागातील अरण्यात राहतात, त्यांना अरण्यातच राहू द्यावे म्हणणारे सर्व जण मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनचे मानसपुत्र होत, आणि एल्विनचा निकाल घुर्यांनी 1943 सालच्या आपल्या पुस्तकातच लावून टाकलेला असल्यामुळे आता बंदर, विमानतळ, वीजकेंद्र व नगरवसाहत यांच्या 72,000 कोटी रुपयांच्या योजनेस हरकत घेण्याचे कारणच उरत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ आहे. घुर्ये मुंबई विद्यापीठाचे आणि जन्माने मालवणचे. त्यांच्या नावाचा हा वापर मराठी वाचकाने मुकाट्याने सोसावा अशी स्नेह्यांची अपेक्षा असेल, तर निदान आमच्याकडून ती पुरी होणार नाही.

एल्विनविषयी आम्हांला स्वतःला फारशी माया कधीच नव्हती. 1927 साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात येऊन दाखल झालेल्या, पुढे धर्मोपदेश सोडून गोंड-बैगांत रमलेल्या या इंग्रजाने 1939 च्या आपल्या ग्रंथात बैगांसाठी राखीव उद्यानासारखा मुलूख सुचविला, तेव्हा घुर्यांनी विचारलेला प्रश्न रोकडा होता: शतकानुशतके ज्यांचे बाजार, बोली आणि दैवतेसुद्धा शेजारच्या कुणब्यांशी मिसळून गेली आहेत, त्यांच्याभोवती आज कुंपण घालणारे तुम्ही कोण? वन्य माणसाच्या हातात पोलादी सुरी दिसली की ज्यांना हळहळ वाटते, त्या नागर भाविकांची जात अद्याप नष्ट झालेली नाही, आणि शोम्पेनांच्या नावाने अश्रू ढाळणाऱ्यांत तिचा भरणा बराच आहे. किनाऱ्यावरच्या निकोबारी लोकांशी मध, वेत देऊन लोखंड आणि कापड घेण्याचा शोम्पेनांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. ते काही काचेच्या कपाटातले लोक नव्हेत. येथवर आम्ही स्नेह्यांच्या पंक्तीलाच बसलो आहो.

पण ज्या शेजाराच्या आधारावर घुर्यांचा सारा युक्तिवाद उभा आहे, तो मिसळून गेलेला शेजार ग्रेट निकोबारात कोठे आहे? सुमारे 910 चौरस किलोमीटरच्या या डोंगराळ, अखंड पावसाच्या बेटावर 2011 च्या जनगणनेत शोम्पेन भरले 229. नद्यांच्या काठाने लहान लहान टोळ्यांनी हिंडावे, भाल्याने रानडुक्कर मारावे, थोडी लागवड करावी, आणि मुख्य भिस्त ठेवावी ती आपल्या केवड्याच्या कुळातल्या एका झाडाच्या फळावर, असा त्यांचा संसार. सालीच्या पट्ट्या जुळवून उभ्या केलेल्या भांड्यात ही फळे जाळावर वाफवून घेण्याची त्यांची रीत जुन्या प्रवाशांनी आश्चर्याने नोंदविली आहे. भांडे लाकडाच्या जातीचे, खाली विस्तव, आणि तरी शिजते ते फळ, जळत नाही ते भांडे! मग त्याच्या चिवट तंतूंतून गर वेगळा करावयाचा. वस्तीत कोणी मेले तर ती जागा सोडून टोळी दुसरीकडे जाते. रिकामी झालेली ती जागा त्यांच्या लेखी मृताची असते, आणि मोजणीदाराच्या नकाशात मात्र ती निर्जन म्हणून पडते. श्रद्धा आणि नकाशा यांची गाठ अशी पडते, आणि नकाशाला अपील नसते.

नेमक्या याच ठिकाणी घुर्यांचे पुस्तक पुन्हा उघडले पाहिजे. आदिवासींची जी हलाखी एल्विनप्रभृतींनी हिंदू संपर्काच्या माथी मारली, तिचे मूळ घुर्ये इंग्रजी अमलाच्या जमीनमहसुलात आणि कायदेपद्धतीत पाहतात. ज्याची वहिवाट त्याची जमीन हा जुना न्याय मोडून ज्याचा कागद त्याची जमीन हा नवा न्याय आला, आणि कागद वाचता येणारा सावकार मालक झाला. घुर्ये संपर्काचे वकील खरे, परंतु दप्तराचे फिर्यादी होते. आमच्या स्नेह्यांनी वकीलपत्र तेवढे दाखल केले आणि फिर्याद फाडून टाकली. ग्रेट निकोबारात जे चालले आहे ते दप्तराचेच काम आहे. आदिम जमातींच्या संरक्षणाच्या 1956 च्या विनियमाने राखलेला मुलूख कागदावरच कमी करावयाचा. गॅलाथिया उपसागराचे अभयारण्य 2021 साली कागदावरच रद्द झाले. आणि सुमारे 130 चौरस किलोमीटर अरण्य तोडावयाचे, त्याची भरपाई म्हणून झाडे लावावयाची ती हरियाणात! केवड्याच्या फळावर जगणाऱ्याला हरियाणातल्या रोपांचा हवाला देणारा कारकून पेशवाईत जन्मला असता तर त्याला इनाम गाव मिळाले असते. बेटावर मोठी योजना येईल तेव्हा शोम्पेनांच्या हिताला अग्रक्रम द्यावा, असे खुद्द केंद्र सरकारचे 2015 चे धोरण सांगते. पण ते त्याच दप्तराच्या दुसऱ्या कपाटात असावे.

स्नेह्यांचा एक आक्षेप मात्र तोलामोलाचा आहे. शोम्पेनांना दवाखाना नको काय? आजाऱ्याने औषध मागितले तर ते द्यावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु अंदमानात 1858 नंतर इंग्रजांनी 'अंदमान होम' काढून तेथील मूळ लोकांना अन्नवस्त्र आणि औषधपाणी दिलेच होते. काही हजारांच्या या समाजाला उपदंशाने आणि 1877 च्या गोवराने असे गाठले की 1961 च्या जनगणनेत ग्रेट अंदमानी उरले अवघे 19. जो रोग घेऊन येतो तोच दवाखाना बांधतो, आणि रोग नेहमी अगोदर पोहोचतो. 2011 साली आठ हजारांच्या आसपास असलेली बेटाची वस्ती या योजनेने साडेतीन लाखांवर न्यावयाची आहे. 2024 च्या लोकसभेला सात शोम्पेनांनी मत दिले याचे केवढे कौतुक झाले! साडेतीन लाखांत त्या सात मतांचे वजन किती, हा हिशेब कोणी मांडला नाही.

बाहेरून आलेला प्रत्येक जण येथे खलपुरुष आहे, असेही नव्हे. 1969 पासून सरकारनेच या बेटावर माजी सैनिकांची कुटुंबे नेऊन वसविली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. त्यांनी तेथे नारळ-सुपारी लावली, 2004 ची सुनामी भोगली, आणि आता विमानतळासाठी जमिनी मागितल्या जाताहेत त्या त्यांच्याच गावांतल्या. सरकारी सनद हाती असलेल्याची ही अवस्था. सनद नसलेल्याविषयी काय बोलावे?

त्या बेटावरच्या लोकांची गरज काय, हे जाणण्यासाठी एल्विन नको की घुर्ये नको. सुनामीत उद्ध्वस्त झालेले किनाऱ्यावरचे निकोबारी कॅम्पबेल बेच्या छावणीवजा वसाहतीत आणून ठेवण्यात आले, आणि तेव्हापासून ते आपल्या जुन्या गावी परत जाऊ द्या म्हणून मागणे करीत आहेत. 2022 च्या ऑगस्टात त्यांच्या आदिवासी परिषदेकडून अरण्य वळविण्यास ना-हरकत दाखला घेण्यात आला; आपली जुनी गावेही त्या जमिनीत जाणार आहेत हे उमगताच नोव्हेंबरात परिषदेने, घाईने सह्या घेतल्याचे लेखी कळवून, तो परत घेतला. त्याच महिन्यात योजनेला पर्यावरणाची अंतिम मंजुरी मिळाली. बंदराचे प्रकरण दोन वर्षांच्या आत पर्यावरणाच्या मंजुरीपर्यंत पोहोचले. गावी परतण्याच्या अर्जाला वीस वर्षे उलटून गेली आहेत.