संगीतसमीक्षेतील मूल्यनिर्णय आणि उत्तरदायित्व

१

इंटरनेटवर प्रसिद्ध होणाऱ्या संगीतविषयक लेखनाचा दर्जा हा गेली पंचवीस-तीस वर्षे, विशेषतः इंग्रजीभाषक जगात, वादाचा विषय राहिला आहे. या वादात दोन पक्ष ठळकपणे दिसतात. एका पक्षाच्या मते मुद्रित नियतकालिकांच्या काळात संगीतसमीक्षेला संपादकीय शिस्त होती आणि समीक्षकापाशी श्रवणाची दीर्घ तयारी होती. प्रकाशनाची साधने सर्वांना खुली होताच ही शिस्त लोपली व घाईघाईने केलेली शेरेबाजी समीक्षा म्हणून खपू लागली. दुसऱ्या पक्षाच्या मते ही हळहळ वस्तुतः गमावलेल्या सत्तेविषयीची आहे. मूठभरांच्या हाती एकवटलेला निर्णयाचा अधिकार अनेकांत वाटला गेला, ही इष्टच घटना होय. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. मात्र समीक्षेचा दर्जा हा निर्णय कोण देतो आणि तो बरोबर ठरतो की नाही यांवर अवलंबून असतो, हे गृहीतक दोन्ही पक्षांना समान आहे. या गृहीतकाची तपासणी सहसा होत नाही.

निर्णय देणाऱ्याचा अधिकार आणि निर्णयाची अचूकता यांखेरीज समीक्षेच्या दर्जाचा तिसरा एक निकष संभवतो. दिलेल्या निर्णयाची कारणे विचारली असता ती देण्यास समीक्षक स्वतःला बांधील मानतो काय, हा तो निकष. त्याला येथे उत्तरदायित्व असे म्हटले आहे. हा निकष ज्ञानात्मक आहे तसाच नैतिकही आहे. ज्याच्या कृतीविषयी निर्णय दिला जातो तो कलावंत आणि ज्याच्यासाठी तो दिला जातो तो श्रोता, या दोघांचे समीक्षकाकडे काही मागणे आहे, ही गोष्ट त्यात मान्य केलेली असते.

या निकषाच्या विवेचनासाठी 'पिचफोर्क' या अमेरिकन नियतकालिकाचा इतिहास उपयुक्त आहे. १९९६ मध्ये रायन श्रायबर या तरुणाने मिनियापोलिस येथे, कोणत्याही प्रकाशनसंस्थेच्या पाठबळाविना, ते इंटरनेटवर सुरू केले. पुढील दहा वर्षांत रॉक व तत्सदृश संगीताच्या क्षेत्रात त्याच्या शब्दाला मोठे वजन आले. २०१५ मध्ये 'कॉंदे नास्ट' या बड्या प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतले आणि जानेवारी २०२४ मध्ये अनेकांच्या नोकऱ्या संपुष्टात आणून आपल्याच 'जीक्यू' या नियतकालिकाच्या व्यवस्थेत ते विलीन केले. हौशी उपक्रम, प्रभावी संस्था आणि मोठ्या संस्थेचा एक विभाग या तिन्ही अवस्था एकाच नियतकालिकाने अनुभवल्यामुळे समीक्षाव्यवहारातील नैतिक प्रश्न तेथे विशेष स्पष्टपणे पाहता येतात.

२

'पिचफोर्क'ची सर्वांत परिचित खूण म्हणजे त्याचे गुणांकन. प्रत्येक अल्बमला शून्य ते दहा या श्रेणीत, दशांशासह, गुण दिले जातात. संगीताला श्रेणी देण्याची पद्धत इंटरनेटने निर्माण केली असे मात्र नाही. रॉबर्ट क्रिस्टगाऊ यांनी १९६९ पासून न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये ग्राहक-मार्गदर्शिका या अर्थाचे सदर लिहिताना प्रत्येक ध्वनिमुद्रिकेला शालेय प्रगतिपुस्तकातल्याप्रमाणे अक्षरश्रेणी दिली होती. सदराचे नावच पुरेसे बोलके आहे. ध्वनिमुद्रिका न ऐकताच पैसे मोजून विकत घ्यावी लागत असे, त्या काळात ती घ्यावी की घेऊ नये हा श्रोत्याचा खरा प्रश्न होता आणि श्रेणी हे त्याचे प्रामाणिक उत्तर होते.

आज परिस्थिती वेगळी आहे. स्ट्रीमिंगच्या प्रसारानंतर परीक्षण वाचण्यास लागणाऱ्या वेळातच श्रोता अल्बममधील एखादे गाणे ऐकू शकतो. ग्राहकाला सल्ला देण्याचे प्रयोजन अशा रीतीने बव्हंशी उरलेले नाही. तरीही आकडा उरला आहे, इतकेच नव्हे तर त्याचे महत्त्व वाढले आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'मेटाक्रिटिक'वर निरनिराळ्या नियतकालिकांतील श्रेणी शंभराच्या मापात रूपांतरित करून त्यांची भारित सरासरी काढली जाते. ज्या परीक्षणात आकडा नसतो, त्याचा एकूण सूर पाहून तेथील संपादक त्याला आकडा देतात. समीक्षकाने जाणीवपूर्वक जे केले नाही, ते त्याच्या वतीने दुसऱ्याने करणे हा प्रकार वरकरणी किरकोळ वाटला, तरी त्यात समीक्षेविषयीची एक संपूर्ण कल्पना सामावलेली आहे. निर्णय हा समीक्षेचा गाभा असून कारणे ही त्याची वेष्टने होत. वेष्टन काढून टाकले तरी गाभा शाबूत राहतो, अशी ती कल्पना आहे.

आर्नोल्ड आयझेनबर्ग यांनी १९४९ मध्ये समीक्षात्मक संप्रेषणावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात या कल्पनेच्या नेमकी विरुद्ध भूमिका मांडली आहे. एल ग्रेकोच्या एका चित्रातील आकृतींच्या बाह्यरेषा लाटेसारख्या चढत-उतरत जातात, असे एक समीक्षक सांगतो. लाटेसारखी रेषा असलेले प्रत्येक चित्र चांगले, असा नियम त्यातून निघत नाही. तसा नियम कोणी मान्यही करणार नाही. मग ते कारण कोणते कार्य करते? ते वाचकाची दृष्टी चित्रातील विशिष्ट गुणाकडे वळवते. तो गुण पाहिल्यावरच त्या शब्दांचा पुरा अर्थ वाचकाला कळतो. समीक्षकाची कारणे निर्णय सिद्ध करीत नाहीत, ती संवेदनेला दिशा देतात.

मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथात सापडते. स्वर आणि लय यांच्या परस्परसंबंधाच्या आधारे त्यांनी घराण्यांची मांडणी केली; किराणा घराणे स्वराच्या टोकाला, आग्रा घराणे लयीच्या टोकाला आणि जयपूर घराणे या दोहोंच्या समतोलापाशी, असे तिचे स्थूल स्वरूप आहे. ही मांडणी अनेकांना पटलेली नाही. परंतु ती न पटलेला वाचकही पुन्हा ऐकावयास बसतो आणि पूर्वी न ऐकलेले काही ऐकतो. त्याच्या असहमतीलाही या मांडणीने आशय पुरविलेला असतो. ६.४ आणि ६.५ यांतील फरकाविषयी असे काही म्हणता येणार नाही. हा फरक कोठे ऐकावा, याचे उत्तर आकड्यापाशी नसते. आकड्याशी सहमत किंवा असहमत होता येते, त्याच्याशी वाद घालता येत नाही.

कारणे पूर्णपणे वगळली तर काय उरते, याचे टोकाचे उदाहरण 'पिचफोर्क'नेच २००६ मध्ये घालून दिले. 'जेट' या ऑस्ट्रेलियन वाद्यवृंदाच्या 'शाइन ऑन' या अल्बमला शून्य गुण देऊन परीक्षणाच्या जागी एक शब्दही न लिहिता स्वतःचे मूत्र पिणाऱ्या वानराची चित्रफीत ठेवण्यात आली. अनेक वाचकांना तो विनोद आवडला. अल्बम सामान्य होता असे मानले, तरी या कृतीतील नैतिक उणीव दूर होत नाही. कलावंताने काय करावयास हवे होते, काय फसले, कोठे फसले, यांपैकी कशाचाही उच्चार न करता त्याला केवळ हास्याचा विषय केले गेले. ज्याला उत्तर देणे शक्यच नाही असा निर्णय हा निर्णयच नव्हे. ती अवहेलना होय.

३

कारणे देऊनही उत्तरदायित्व पार पाडले जाईलच असे नाही, हे दुसऱ्या एका उदाहरणावरून दिसते. लिझ फेअर या गायिकेच्या 'एक्झाइल इन गायव्हिल' (१९९३) या अल्बमने स्त्रीच्या अनुभवाच्या धीट, अनलंकृत आविष्कारामुळे समीक्षकांची मान्यता मिळविली होती. २००३ मध्ये स्वतःचेच नाव दिलेला अल्बम काढताना तिने व्यावसायिक पॉपगीतकारांचे साहाय्य घेतले. 'पिचफोर्क'ने या अल्बमला शून्य गुण दिले. आक्षेपाचा रोख गायिकेने आपल्या पूर्वीच्या स्वत्वाशी प्रतारणा केली यावर होता.

रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) सौंदर्यविचाराची द्विध्रुवात्मकता दाखवून दिली. कलाकृतीला स्वायत्त मानून तिच्या अंतर्गत संघटनेकडे पाहणारा अलौकिकतावादी ध्रुव आणि तिचे जीवनमूल्यांशी असलेले नाते महत्त्वाचे मानणारा लौकिकतावादी ध्रुव, असे हे दोन ध्रुव होत. समीक्षकाने यांपैकी कोणत्याही ध्रुवाकडून निकष घेण्यास हरकत नाही. प्रश्न येतो तो एका ध्रुवावरचा निकष वापरून दुसऱ्या ध्रुवावरचा निर्णय जाहीर केला जातो तेव्हा. प्रामाणिकपणा, व्यापारी तडजोड, चाहत्यांशी निष्ठा हे सारे लौकिक निकष आहेत. त्यांच्या आधारे 'ही गाणी संगीत म्हणून शून्य आहेत' असे म्हणणे ही निकषांची अदलाबदल आहे, आणि शून्य हा आकडा ती झाकून टाकतो. गिटार वाजवून स्वतःची गाणी म्हणणाऱ्या कलावंतालाच अस्सल मानणारा रॉकचा हा पूर्वग्रह केलेफा सॅने यांनी २००४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील लेखात उघड केला. त्यावर पुढे दीर्घ चर्चा झाली.

या परीक्षणाची पुढील कथा अधिक महत्त्वाची आहे. २०१९ मध्ये परीक्षण लिहिणाऱ्या समीक्षकाने त्यातील हिणवण्याच्या सुराबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये, स्थापनेच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त, 'पिचफोर्क'ने आपल्या एकोणीस जुन्या गुणांकनांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. लिझ फेअरच्या अल्बमला शून्याऐवजी ६.० गुण मिळाले, 'डाफ्ट पंक'च्या 'डिस्कव्हरी'ला (२००१) ६.४ ऐवजी १०, तर 'इंटरपोल'च्या पहिल्या अल्बमला (२००२) ९.५ ऐवजी ७.०.

या दोन घटना एकाच प्रकारच्या वाटतात. पण नैतिक दृष्ट्या त्या भिन्न आहेत. पहिल्या घटनेत ज्याने निर्णय दिला तोच, तो आपला होता असे मान्य करून, आपल्या कारणांतील दोषाविषयी बोलतो. दुसऱ्या घटनेत संस्था आकडा बदलते व त्याला एखाद्या परिच्छेदाची जोड देते. अभिरुची बदलते, ऐकण्याचे संदर्भ बदलतात, फेरविचार हा समीक्षेचा धर्मच आहे. त्याला आक्षेप असण्याचे कारण नाही. परंतु फेरविचाराचा विषय कोणता, हे पाहावयास हवे. २००१ च्या कानांना 'डिस्कव्हरी'त जे ऐकू आले नाही ते कोणत्या कारणाने आले नाही, हा समीक्षेचा प्रश्न होता. ६.४ ची जागा १० ने घेतल्यावर तो प्रश्न सुटल्याचा आभास निर्माण होतो. जुना निर्णय चूक आणि नवा बरोबर, एवढेच वाचकाच्या हाती लागते. आणि नव्या निर्णयावर तरी का विसंबावे, याचे उत्तर अनुत्तरितच राहते.

४

उत्तरदायित्वाची दुसरी बाजू सहीशी निगडित आहे. एप्रिल २०२४ मध्ये 'पेस्ट' या नियतकालिकाने टेलर स्विफ्टच्या 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' या अल्बमचे प्रतिकूल परीक्षण निनावी छापले. २०१९ मध्ये तिच्या 'लव्हर' या अल्बमवर लिहिणाऱ्या समीक्षकाला हिंसेच्या धमक्या आल्या होत्या, असे कारण संपादकांनी दिले. निनावी समीक्षा नवी नाही. लंडनच्या 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मधील परीक्षणे १९७४ पर्यंत सर्वसाधारणपणे निनावीच असत. मराठीत केशवराव भोळे यांनी, स्वतः गायक व संगीतकार असताना, 'एकलव्य' आणि 'शुद्ध सारंग' या टोपणनावांनी गायकांवर लिहिले.

येथे टोपणनाव आणि निनावीपणा यांत भेद करणे आवश्यक आहे. टोपणनावामागील लेखकाला लेखनातून एक सलग व्यक्तिमत्त्व प्राप्त होते. 'एकलव्य' मागे काय म्हणाला होता, हे वाचक पडताळून पाहू शकतो. त्याची आवड, त्याचे कच्चे दुवे वाचकाच्या परिचयाचे होतात. सर्वस्वी निनावी परीक्षणाला हे सातत्य नसते. तेथे उत्तरदायित्व संस्थेकडे जाते आणि संस्थेची विश्वासार्हता जितकी, तितकेच ते टिकते. 'पेस्ट'च्या संपादकांनी आपल्या लेखकाचे रक्षण केले, यात त्यांना दोष देता येत नाही. मात्र त्या निर्णयाची किंमत समीक्षेला मोजावी लागली. ती मोजावयास लावणारे वाचक होते.

तात्पर्य, उत्तरदायित्व हा समीक्षकाचा एकट्याचा गुण नसून तो एक संबंध आहे. कांटने १७९० मध्ये रुचिनिर्णयाचे विश्लेषण करताना असे दाखविले की 'हे सुंदर आहे' असे म्हणणारा केवळ स्वतःची आवड सांगत नाही. संकल्पनेच्या आधारे सिद्ध करता येत नसतानाही तो इतरांच्या सहमतीची अपेक्षा ठेवतो. जो सहमतीची अपेक्षा ठेवतो त्याला असहमतीचा हक्क मान्य करावाच लागतो. 'तुला असे का वाटते?' हा प्रश्न विचारणे हा श्रोत्याचा हक्क आहे. धमकी हे त्या हक्काचे उग्र रूप नव्हे. तो हक्क सोडून दिल्याची ती खूण आहे. कारणे ऐकून घेण्याची तयारी नसलेला वाचक आणि कारणे न देणारा समीक्षक हे एकमेकांना पूरक आहेत.

५

या भूमिकेवर एक रास्त आक्षेप घेता येईल. कारणे देणारा, सही करणारा, प्रश्नांना तोंड देणारा समीक्षकही कानाने बधिर असू शकतो. मग उत्तरदायित्वाने दर्जा कसा साधणार? ह्यूमने १७५७ च्या अभिरुचिविषयक निबंधात खऱ्या समीक्षकाच्या अंगी संवेदनेची सूक्ष्मता, सराव, तुलनेची सवय, पूर्वग्रहमुक्तता आणि विवेक हवा असे म्हटले. ही यादी आजही टाकाऊ झालेली नाही. उत्तरदायित्व या गुणांची जागा घेऊ शकत नाही. परंतु हे गुण अमुक समीक्षकाच्या ठायी आहेत की नाहीत, हे ओळखावयाचे कसे? त्याची पदवी, त्याच्या नियतकालिकाचा लौकिक किंवा त्याच्या वाचकांची संख्या यांवरून ते कळत नाही. तो जी कारणे देतो त्यांच्या मागोमाग ऐकत गेले असता काही ऐकू येते काय, यावरूनच ते कळते. म्हणजे ह्यूमचे निकष लागू करावयाचे तर उत्तरदायित्व आधी हवे.

त्यासाठी लेखन उपलब्धही राहिले पाहिजे. जून २०२४ मध्ये 'एमटीव्ही न्यूज'च्या संकेतस्थळावरील अनेक वर्षांचे लेखन मालकांनी वाचकांच्या आवाक्याबाहेर नेले. चांगले-वाईट, जबाबदार-बेजबाबदार असे सारेच त्यात एकत्र गेले. वर चर्चिलेल्या लिझ फेअरवरील परीक्षणाविषयी दिलगिरीची गरज भासली ती ते परीक्षण वाचता येत होते म्हणून. जुने मुद्रित अंक ग्रंथालयांत सापडतात. इंटरनेटवरील नियतकालिकाचे जुने लेखन मात्र मालकाच्या मर्जीवर जगते. मुद्रित समीक्षेच्या श्रेष्ठत्वाविषयी जे बोलले जाते, त्यातील हा भाग दुर्लक्षिण्यासारखा नाही. त्याचा संबंध समीक्षकांच्या योग्यतेशी नसून मालकीशी आहे.

इंटरनेटवरील संगीतसमीक्षेचा दर्जा घसरला की वाढला, या प्रश्नाला म्हणून एकच उत्तर देता येणार नाही. जेथे एखादा लेखक, तो विद्यापीठात शिकलेला असो वा नसो, एखाद्या गाण्यातील अमुक जागेकडे कान वळवतो, आपले नाव किंवा निदान टोपणनाव त्याखाली ठेवतो आणि विचारल्यास पुन्हा बोलावयास तयार असतो, तेथे समीक्षा चालू आहे. अशी समीक्षा टिकविण्याचे दायित्व लेखकाइतकेच तिच्या वाचकांवर आणि ती प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांवरही येते. आणि विलीनीकरणे व पुसली गेलेली दप्तरे पाहता, या तिघांपैकी संस्थांचे दायित्व आज सर्वांत कमी विचारले जात आहे.