वर्दी

होळी मागं पडली की धर्माबादच्या हवेला तिखट चढतं. आसपासच्या शिवारातून आणि पलीकडच्या तेलंगणातून मिरचीची पोती येऊन पडतात, कांडप गिरण्या उशिरापर्यंत चालतात, आणि रेल्वेतून उतरलेला पाहुणा पाटी वाचायच्या आधी शिंकतो. त्या गावातल्या एका मिरची व्यापाऱ्याच्या घरची ही गोष्ट.

घर जुन्या बांधणीचं. रस्त्याच्या अंगाला दुकान आणि गोदाम, मधे बोळ, मागं राहती जागा. थोरला मुलगा हैदराबादला नोकरीला. दिवाळीत आला तेव्हा त्यानं बशीएवढं एक पांढरं यंत्र आणलं आणि स्वयंपाकघराच्या दारावर, छताला लावून दिलं. "धूर झाला की हे ओरडतं," एवढं सांगून तो परत गेला.

यंत्र ओरडायला लागलं. ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या की ओरडायचं. वरणाला फोडणी बसली की ओरडायचं. आजीनं संध्याकाळी देवापुढं ऊद घातला की ओरडायचं, आणि आजीच्या हातातली धुपाटणी हिंदकळायची. आठवड्याच्या आत अप्पांनी स्टुलावर चढून त्याचे सेल काढले आणि टीव्हीच्या रिमोटला घातले. घर शांत झालं. यंत्र तिथंच राहिलं, म्हणून कुणाला काही कमी झाल्यासारखंही वाटलं नाही.

धाकट्याची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली. पुढचे दिवस मोकळे, ऊन कडक, दुकानात गर्दी. एका दुपारी मित्रानं पैज लावली. अप्पांचा मोबाईल गल्ल्यावर पडला होता. धाकट्यानं १०१ लावला, आवाज जाड केला, "स्टेशनकडं मिरचीच्या गोदामाला आग लागलीय, लवकर या," म्हणाला आणि नाव विचारायच्या आत फोन ठेवला.

दोघं गच्चीच्या कठड्याशी जाऊन बसले. थोड्या वेळानं घंटा वाजवत बंब आला. हमालांनी पाठीवरची पोती तशीच खाली टाकली. कुणी मोटारसायकली बाजूला घेतल्या, कुणी हातात बादल्या घेऊन पळालं. बंबावरची माणसं उतरली आणि एकेका गोदामाच्या शटरला तळहाताची मागची बाजू लावून पाहू लागली. आत आग असली तर पत्रा आधी सांगतो. एक शटर, दुसरं, तिसरं. उन्हानं सगळेच पत्रे तापलेले, त्यामुळं प्रत्येक ठिकाणी थांबावं लागत होतं, कुलूप उघडवावं लागत होतं. गच्चीवरची पोरं आधी हसली. तिसऱ्या-चौथ्या शटरनंतर हसू आलं नाही.

त्याच वेळी गोदावरीच्या बाजूच्या एका खेड्यात कडब्याची गंजी पेटली होती. बंब गावातून मोकळा होऊन तिथं पोचेपर्यंत विझवायला काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी हवालदार दुकानात आले. अग्निशमन केंद्राच्या फोनवर नंबर उमटलेलाच होता.

"अप्पा, हा नंबर तुमचाच ना?"

"माझाच की. कामून?"

कारण कळल्यावर अप्पांचा चेहरा उतरला. दंड भरतो, मिटवून टाका, असं ते म्हणून गेले. हवालदारांनी खुर्ची ओढून घेतली आणि समजावून सांगितलं. जाणूनबुजून अग्निशमन दलाला आगीची खोटी वर्दी देणं हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमात १९५१ पासूनचा वेगळा गुन्हा आहे, कलम १२१. सरकारी माणसाला खोटी माहिती देऊन नसतं काम करायला लावलं तर त्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम २१७ लागू शकतं. त्यात एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू आहे, आधीच्या कायद्यात याच गोष्टीला सहा महिने होते. लोकांत घबराट उडवणारी अफवा असली तर कलम ३५३, आणि तिथं तीन वर्षांपर्यंतची कैद. "पोरगं अठराच्या आतलं आहे म्हणून विषय बाल न्याय मंडळापुढं जाईल. पण फोन तुमचा आहे, अप्पा, आणि मंडळ आईबापालाही दंड भरायला लावू शकतं."

मंडळानं त्याला समज दिली आणि सुट्टीभर अग्निशमन केंद्रात सेवा करायला सांगितलं. अप्पांनी त्याआधीच एक काम केलं होतं. टेम्पोभर कडबा विकत घेतला, धाकट्याला वर बसवलं आणि त्या शेतकऱ्याच्या दारात नेला. पेंढ्या उतरवताना पोराचे हात चिरले. शेतकरी म्हातारा होता. शिव्या बसतील म्हणून धाकटा मान खाली घालून उभा राहिला. म्हातारा एवढंच म्हणाला, "म्या फोन केला तवा तिकडून म्हणले, गाडी धर्माबादेत गोदामाच्या आगीवर गेलीय. म्हणलं, तिथं माणसं अडकली असतील, आपला तर कडबाच हाय. म्हणून पुना फोन केलाच न्हाई."

शाळेत सगळ्यांनी 'लांडगा आला रे आला' ऐकलेली असते. खोटं ओरडणाऱ्या पोराला धडा मिळाला, एवढं सांगून ती गोष्ट संपवतात. मला त्या गोष्टीतली मेंढरं कधी विसरता आली नाहीत. ती खोटं बोलली नव्हती, आणि लांडग्यानं खाल्लं त्यांनाच. कायद्यातली सजा ओरडणाऱ्याला होते. नुकसान मात्र ज्याला त्या ओरडण्याची खबरही नसते त्याच्या दारात जाऊन पडतं. त्या म्हाताऱ्यानं तर अनोळखी माणसांची काळजी करून आपली हाक आवरून घेतली.

केंद्रात धाकट्याच्या वाट्याला होज धुण्याचं काम आलं. वापरलेला होज चिखलासकट गुंडाळला तर तो आतून कुजतो, म्हणून धुवायचा, टांगून वाळवायचा, मग गुंडाळायचा. दुपारी तिथले जुने फायरमन त्याला वर्दी रजिस्टर वाचायला देत. तारीख, वेळ, कुणी कळवलं, कुठं, बंब किती वाजता निघाला, किती वाजता परतला. त्यात त्याची दुपारही होती. कळवणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा, शेरा दोन शब्दांचा: खोटी वर्दी. खालच्याच ओळीत कडब्याची गंजी.

"काका, एकदा खोटा निघालेला नंबर परत आला तर?"

"जायचं."

"परत खोटा असला तर?"

"परत जायचं. इथं बसून खरं-खोटं ठरवायला लागलो तर एखाद्या दिवशी चुकू. ती चूक रजिस्टरात दुरुस्त होत नाही."

धाकट्याचे मामा रेल्वेत रुळांच्या देखभालीला होते. एका रविवारी जेवायला आले तेव्हा भाच्याची हकीगत ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत, आणि मग त्यांनी जळगाव जिल्ह्यातली गोष्ट काढली. २२ जानेवारी २०२५. लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्सप्रेस पाचोऱ्याच्या अलीकडं परधाडे स्टेशनाजवळ होती. चाकांपाशी ठिणग्या दिसल्या म्हणतात. डब्यात कुणीतरी 'आग, आग' ओरडलं, कुणीतरी साखळी ओढली, गाडी थांबली आणि माणसं मिळेल त्या बाजूनं खाली उतरली. काही जण शेजारच्या रुळावर उतरले. त्या रुळावरून बंगळुरूहून दिल्लीला चाललेली कर्नाटक एक्सप्रेस आली. तेरा जण गेले. आग लागलेलीच नव्हती.

"विनाकारण साखळी ओढली तर रेल्वे कायद्यात, १९८९ च्या, कलम १४१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे," मामा म्हणाले. "पण त्या दिवशी ओरडणाऱ्यानं मुद्दाम केलं असंल असं मला वाटत न्हाई. भ्यालं असंल बिचारं. उतरताना पलीकडचा रूळ बगायला पाहिजे होता, ते सांगणारं कुणी न्हवतं."

हे ऐकताना आजीची नजर वर गेली. दारावरचं पांढरं यंत्र अजून तिथंच होतं. "आन् ह्येचं काय?" ती म्हणाली. "पोराला खोटं वरडला म्हणून कोरटात नेलंत. ह्ये तर खरं वरडत हुतं. धूर हुताच की! मग ह्येचं तोंड का बांधलं?"

आजीचं म्हणणं मला या सगळ्या गोष्टीत मोलाचं वाटतं. फोडणीला ओरडणारं यंत्र आणि पैजेवर ओरडणारं पोर यांना आपण एकाच पारड्यात टाकतो. दोघांनीही कटकट केली, दोघांनाही गप्प करा. पण पोरानं नसलेली आग सांगितली होती, यंत्रानं असलेला धूर सांगितला होता. चूक असलीच तर ते लावणाऱ्याची होती.

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं ते उतरवून केंद्रात नेलं. फायरमन काकांनी फुंकर मारली तर आतून लाल भुकटी उडाली. मग त्यांनी ते उघडून दाखवलं. आत एक काळोखी पोकळी असते. तिच्यात उजेडाची तिरीप सोडलेली असते, आणि ती दिसू नये अशा कोनात एक डोळा बसवलेला असतो. धुराचे कण आत शिरले की उजेड विखुरतो, डोळ्यावर पडतो आणि भोंगा वाजतो. मिरचीची धूळ, पाण्याची वाफ, उदाचा धूर, कशानंही उजेड विखुरतोच. म्हणून ते चुलीपासून निदान दहा फूट लांब हवं, न्हाणीच्या दारापाशी नको, पंख्याच्या झोतात नको. धूर वर चढतो म्हणून छताला, आणि माणसं झोपतात त्या खोल्यांच्या वाटेवर. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज पाहायचा, मऊ ब्रशनं धूळ काढायची. थांबून थांबून नुसतं टिकटिकायला लागलं तर सेल संपत आले समजायचं. आणि दहा वर्षं झाली की यंत्रच बदलायचं, कारण तोवर आतला डोळा मंदावतो.

"घरात वास येईलच की धुराचा," धाकटा म्हणाला.

"जागा असशील तर. झोपलेल्या माणसाचं नाक त्याला उठवत नाही. आणि धुरातला जो वायू मारतो, कार्बन मोनॉक्साईड, त्याला वासच नसतो. कान तेवढे जागे असतात."

बैठ्या घरांना असं यंत्र लावायची आपल्याकडं सक्ती नाही, म्हणून ते चैनीचं वाटतं. मिरचीच्या गोदामामागं झोपणाऱ्या घरात ते चैनीचं नाही. धाकट्यानं ते बोळात, गोदामाच्या दारापासून झोपायच्या खोल्यांकडं येणाऱ्या वाटेवर बसवलं. रिमोटचे सेल काढून त्यातच घातले असते, पण काकांनी नवे घालायला सांगितलं होतं, म्हणून नवे आणले. स्वयंपाकघरात मिरच्या भाजल्या, फोडण्या बसल्या, सगळे खोकले, यंत्र गप्प राहिलं.

मे संपत आला होता. अप्पांनी नवी विजेवरची स्कूटर घेतली होती आणि रात्री ती गोदामात, बारदानाच्या थप्पीशेजारी चार्जिंगला लावून ठेवत. पहाटे दोनच्या सुमाराला बोळातलं यंत्र ओरडलं.

अप्पा अर्धवट झोपेत "काढ रे ते सेल" म्हणाले. धाकटा तोवर बोळात पोचला होता. गोदामाच्या दाराला त्यानं तळहाताची मागची बाजू लावली आणि झटकन काढून घेतली. दार त्यानं उघडलं नाही. आजीला उठवलं, आईला, अप्पांना, आणि मागच्या दारानं सगळ्यांना बाहेर काढलं. बाहेर आल्यावर मेन स्विच मागच्या भिंतीवरच होता, तो बंद केला. मग अप्पांच्या हातातला मोबाईल घेतला आणि १०१ लावला.

या वेळी त्याचा आवाज त्याचाच होता. गल्ली, खूण, काय पेटलं असेल, आत कुणी अडकलेलं नाही, दोन सिलिंडर स्वयंपाकघरात आहेत, सगळं सांगितलं. पलीकडं एक क्षण कुणी बोललं नाही. नंबर ओळखीचा होता. मग आवाज आला, "निघालो."

बंब आला तेव्हा मिरचीचा धूर गल्लीभर पसरला होता. अख्खी आळी तोंडाला ओला पंचा लावून खोकत होती. बंबावरच्या माणसांनी तोंडावर मास्क चढवून शटर उचकटलं. स्कूटर गेली, बारदान गेलं, मिरचीची एक थप्पी गेली. बोळाचं दार आतल्या बाजूनं काळं पडलं होतं, पण उभं होतं. मागच्या खोल्यांत धूर शिरला होता तेवढाच.

उजाडताना फायरमन काका ओट्यावर बसले, तांब्याभर पाणी प्यायले आणि रजिस्टरात भरायची माहिती कागदावर उतरवून घेऊ लागले. पत्ता लिहिला, वेळ लिहिली, चार्जर कोणता होता तो पाहून लिहिला. अप्पांना सांगितलं, पुढची गाडी घ्याल ती उघड्यावर चार्ज करा, माणसं जागी असताना. मग धाकट्याकडं वळून विचारलं, "वर्दी देणाऱ्याचं नाव?"

त्यानं स्वतःचं, अप्पांचं आणि आडनाव, असं पूर्ण नाव सांगितलं.