पृच्छेचा अधिकार

ज्या ग्रंथात अब्राहाम सदोम नगरासाठी परमेश्वराशी पन्नासांपासून दहांपर्यंत घासाघीस करतो, ज्यात ईयोब राखेत बसून आपल्या निर्दोषपणाची कैफियत थेट ईश्वराच्या दरबारात दाखल करतो, ज्यात हबक्कूक संदेष्टा अन्याय डोळ्यांदेखत चालला असता तू स्वस्थ का, असा जाब विचारून उत्तराची वाट पाहत बुरुजावर उभा राहतो, आणि ज्यातील प्रभू स्वतः वधस्तंभावर प्राण सोडण्यापूर्वी स्तोत्रातील एका प्रश्नाचाच आक्रोश करतो, त्या ग्रंथाच्या वाचकांनी मात्र प्रश्न विचारू नयेत, आणि विचारलेच तर त्यांच्या श्रद्धेत काही उणे आहे असे समजावे, हा दंडक आमच्या मंडळ्यांत कसा रूढ झाला, याचा विचार करणे मला फार दिवसांपासून अगत्याचे वाटत आले आहे.

श्रीरामपूर आणि भोवतालच्या गावांत घरोघरी होणाऱ्या प्रार्थनासभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते सांगावे लागणार नाही. ओसरीवर सतरंजी अंथरलेली असते, रेक्झिनच्या वेष्टणातली शास्त्रे मांडीवर उघडली जातात, एक अध्याय वाचला जातो, पाळकसाहेब त्याचे विवरण करतात, आमेन होते आणि चहाचे कप फिरू लागतात. या सर्व क्रमात ऐकणाऱ्याने काही विचारावे अशी जागाच ठेवलेली नसते. एखाद्या पोराने काइनाला बायको कुठून मिळाली असे विचारले, की देवाच्या वचनात शंका काढू नये, असे सांगून त्याला गप्प केले जाते. पोर गप्प बसते. परंतु त्याच सतरंजीच्या कडेला पोटचा मुलगा गमावलेली एखादी माउली बसलेली असते, आणि बेथानीतला लाजर उठला तर माझा का नाही, हा तिचा प्रश्न ओठांपर्यंत येऊन परत जातो, याची दखल कोणी घेत नाही. पोराच्या प्रश्नात कुतूहल आहे आणि माउलीच्या प्रश्नात तिचे सारे आयुष्य आहे. पण दोघांनाही एकच उत्तर मिळते, आणि ते उत्तर म्हणजे मौन.

हे ज्या प्रदेशात घडते, त्या प्रदेशाचा इतिहास पाहिला म्हणजे खेद दुणावतो. बेलापूर रोड स्टेशनाच्या आणि प्रवरेच्या कालव्यांच्या आश्रयाने वाढलेले श्रीरामपूर तसे अलीकडचे. परंतु त्याच्या पूर्वेचे नेवासे हे ज्ञानेश्वरीचे गाव. शके १२१२ मध्ये तेथे जो ग्रंथ सांगितला गेला, त्याचे मूळ एका शिष्याच्या शंकांत आहे, आणि अर्जुनाने शंका काढल्या म्हणून त्याला अश्रद्ध ठरवावे असे कोणत्याही वारकऱ्याच्या मनात कधी आले नाही. तीच रीत गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त उचलली. तेथे गुरू कथा सांगतो आणि श्रोते मध्येच त्याला अडवून विचारतात. ते पुराण मराठी माणसाला आपले वाटले, याचे एक कारण मला या संवादात दिसते. आणि शास्त्राविषयी म्हणावे, तर नव्या कराराचे मराठी रूप १८११ मध्ये ज्या श्रीरामपुरात छापले गेले ते बंगालमधले, हुगळीकाठचे. तेथेही विल्यम केरी यांच्या शेजारी वैजनाथ पंडित बसलेले होते, आणि दोन पंडितांनी मिळून केलेले भाषांतर शेकडो प्रश्नोत्तरांवाचून पुरे होणे शक्य नाही.

अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये अहमदनगरास सुरू झाले आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ तेथूनच निघू लागला. या पत्राची मराठी बाजू पुढे ज्यांनी सांभाळली, ते नारायण वामन टिळक काही कोणाच्या सांगण्यावरून ख्रिस्ती झाले नव्हते. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने हाती दिलेला नवा करार त्यांनी वाचला, पर्वतावरील प्रवचनाने त्यांना खिळवले, तरीही सुमारे दोन वर्षे त्यांनी स्वतःशी झगडा चालू ठेवला आणि १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्याने त्यांचे विचारणे थांबले, असेही नाही. ख्रिस्ताला मराठी मातीत पाश्चात्त्य पेहराव कशाला हवा, या प्रश्नाने त्यांना अखेरपर्यंत चैन पडू दिले नाही. १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना एका पंक्तीस बसवले.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते, कारण त्या पंडिता नव्हत्या. पती ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी सोवळ्याचा संसार निराळा ठेवला, चूल निराळी, पाण्याचे भांडे निराळे. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही, हे त्या गृहस्थाचे मोठेपण. पुढे जन्म आणि मरण सर्वांचे सारखेच असताना ही जात आली कुठून, असा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला घातला, आणि तो मनात स्पष्ट झाला त्याच क्षणी शिवाशिवीचे सारे ओझे गळून पडले. बाप्तिस्मा नंतरचा, १९०० सालचा. आधी प्रश्न आणि मग श्रद्धा, हा क्रम त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राच्या वाचकाला विसरता येत नाही.

परंतु पृच्छेचा अधिकार म्हणजे काय हे पाहायचे असेल, तर पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहारच वाचला पाहिजे. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या, परक्या देशात होत्या, आणि ज्यांच्या आश्रयाने राहत होत्या त्या धर्मभगिनींच्या उपकाराखाली होत्या. अशा अवस्थेत बहुतेकांनी मान डोलावली असती. रमाबाईंनी त्रैक्याविषयी विचारले, ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी विचारले, अथानेशियसच्या नावाने चालणाऱ्या मतांगीकारातील कोणती वाक्ये शास्त्रात आहेत आणि कोणती नाहीत हे विचारले. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. त्यावर त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना विचारले की, लॅटिनमध्ये संस्कृताहून अधिक असे काय आहे, की ब्राह्मणांना संस्कृत जशी देवांची भाषा वाटते तशी आपणास लॅटिन वाटते? एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवून दुसऱ्याचे चढवून घेण्यास आपण आलो नाही, हे त्यांनी स्पष्ट कळवले. जेराल्डिनबाईंना यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र हे प्रश्न मनःपूर्वक ऐकले, त्यांना लांबलचक उत्तरे लिहिली, आणि शंका घेणाऱ्या मुलीला दूर न लोटता जवळ ठेवले. हा सारा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला.

या प्रश्नांतून पुढे काय निष्पन्न झाले? रमाबाई ख्रिस्ताला सोडून गेल्या नाहीत. त्यांनी केडगावला मुक्तिसदन उभारले, दुष्काळात टाकून दिलेल्या मुलींना पोटाशी धरले, उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे शास्त्र साध्या बायकांना समजेल अशा मराठीत उतरवले, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचा देहान्त झाला तेव्हा ते काम पुरे झालेले होते. मूळ भाषेत काय लिहिले आहे, हे स्वतः पाहिल्यावाचून ज्या बाईचे समाधान होत नव्हते, तिनेच हे करावे, हे योग्यच झाले. कोणाच्या उत्तरावर विसंबून राहणाऱ्या मनुष्याच्या हातून असे काम होत नाही.

प्रश्नांना मोकळीक दिली तर तरुण मंडळी धर्म सोडून जातील, अशी भीती पुष्कळ वडीलधाऱ्यांना वाटते, आणि ती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, काही जातात. परंतु न विचारता राहिलेले किती आणि कसे राहिले आहेत, याची रुजुवात कोणी केली आहे काय? बापाच्या वतनासारखी जी श्रद्धा नावावर चढली, तिची मशागत कोणी करीत नाही. शिवाय शास्त्राचा स्वतःचा कौल येथे निःसंदिग्ध आहे. ईयोबाचे मित्र इलीफज, बिल्दद आणि सोफर हे देवाची बाजू घेऊन बोलत होते. दुःख म्हणजे पापाची शिक्षा, हा त्यांचा सिद्धान्त त्या काळी सर्वमान्य होता. ईयोब मात्र तक्रार करीत राहिला, वाद घालीत राहिला, देवाला न्यायासनापुढे बोलावीत राहिला. आणि शेवटी परमेश्वराचा निवाडा झाला तो असा की, मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण अखेरपर्यंत सांगितलेले नाही, उलट वावटळीतून त्यालाच प्रश्न विचारण्यात आले, हे खरे. पण त्याची कैफियत फेटाळून लावलेली नाही. देवाची वकिली करण्यासाठी दुःखिताचे तोंड बंद करणाऱ्यांनाच तेथे होमबलीचे प्रायश्चित्त सांगितले आहे. आमच्या प्रार्थनासभांतून त्या माउलीला गप्प करणाऱ्यांनी हा शेवटचा अध्याय पुनःपुन्हा वाचावा.

प्रश्न दोन जातीचे असतात, हे मात्र मान्य केले पाहिजे. प्रभूला शब्दांत पकडण्यासाठी कर द्यावा की नाही असे विचारणारे होते, आणि रात्रीच्या वेळी येऊन मनुष्य म्हातारपणी पुन्हा कसा जन्मेल असे विचारणारा निकदेमही होता. पहिल्यांना उत्तर ठाऊक असते, दुसऱ्याला हवे असते. थोमाने जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे म्हटले, तेव्हा इतर शिष्यांनी त्याला हाकलून दिले नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता, म्हणून तर त्याची प्रभूशी भेट झाली. या गोष्टीतील ते आठ दिवस मला फार महत्त्वाचे वाटतात. शंका असलेल्या मनुष्याला आपल्यात राहू देणे, एवढेच त्या दिवसांत मंडळीने केले.

आणि आता तो प्रश्न, जो आमच्या जिल्ह्यातील ख्रिस्ती मनुष्याने सर्वांत आधी विचारला आणि आज सर्वांत कमी विचारला जातो. येथील बहुसंख्य मंडळींचे पूर्वज महार आणि मांग समाजांतून आले. त्यांचा पहिला प्रश्न त्रैक्याचा नव्हता. देवाने सर्वांना एका रक्तापासून निर्माण केले असेल तर आम्हांला पाणवठ्यावर का येऊ देत नाहीत, हा होता. त्या प्रश्नाने त्यांना उपासनागृहापर्यंत आणले. पण आत आल्यावर? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये जी मुभा मिळाली ती त्याला नाही. ही सरकारकडे करण्याची रास्त तक्रार आहे आणि ती केलीच पाहिजे. मात्र सरकारला विचारताना स्वतःलाही विचारले पाहिजे की, मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणी निघाली म्हणजे पूर्वीची जात हळूच कुठून येते, आणि कबरस्तानात, पंचांच्या निवडणुकीत तिचा हिशेब का होतो? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती समाजातील जातिभेदाविषयी उघडपणे विचारले होते. त्याला पुरते उत्तर आम्ही अद्याप दिलेले नाही. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत जातीपातीचा आणि धर्माचाही भेद न ठेवता लक्षावधी लोक एका रांगेत उभे राहतात. ती रांग यात्रा संपल्यावर का मोडते, हे प्रवचनपीठावरून बोलले गेले पाहिजे.

म्हणून श्रीरामपूर तालुक्यातील सर्व पाळकांना, धर्मगुरूंना आणि पंचांना माझी विनंती आहे की, येत्या उपवासकाळात दर रविवारी प्रवचनानंतर पंधरा मिनिटे श्रोत्यांसाठी राखून ठेवावीत, दृढीकरणाच्या वर्गातील प्रत्येक मुलाकडून त्याचा स्वतःचा एक प्रश्न वहीत लिहून घ्यावा, आणि ज्याचे उत्तर आपणास ठाऊक नसेल त्याला ठाऊक नाही असे सांगून पुढच्या रविवारपर्यंत शोधून आणावे. पहिलाच प्रश्न जातीचा निघाला, तर तो पुढे ढकलू नये.