एक सेकंद, एक बादली

घाई करू नका. वाचता वाचता थांबावंसं वाटलं तर थांबा, खिडकीबाहेर बघा, मग पुढे या.

आधी एक आकडा मनात घ्या: १७० कोटी. हे सेकंद आहेत. पुष्कळ संगणकांच्या पोटात वेळ अशीच साठवलेली असते. तिथे वार नसतो, महिना नसतो, सण नसतो. १ जानेवारी १९७० ला ग्रीनिच प्रमाणवेळेनुसार मध्यरात्र झाली, आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. तो क्षण शून्य धरायचा असं युनिक्स या प्रणालीत ठरलं आणि तिथून दिवसाला ८६,४०० या हिशेबाने मोजणी चालू आहे. १७० कोटी सेकंद पूर्ण झाले १५ नोव्हेंबर २०२३ ला, आपल्या घड्याळात पहाटे ३ वाजून ४३ मिनिटं २० सेकंदांनी. ती भाऊबीजेची पहाट होती.

तो एक सेकंद धरून ठेवा. त्या सेकंदाला कोण जागं होतं? तुम्ही बहुधा झोपेत असाल. पण तुमच्या गावाच्या वाटेवर एसटीचा ड्रायव्हर जागा असेल, वॉर्डातली नर्स जागी असेल, कुठल्या तरी उपकेंद्रात विजेच्या भाराकडे डोळे लावून एखादा ऑपरेटर बसला असेल. एकेकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करा. बहुतेकांचा येणार नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. चेहरा दिसत नसताना विश्वास ठेवता येणं, यावरच रात्री झोप लागते.

मी हिंजवडीत काम करते. आमच्या टीममध्ये ऑन-कॉल दर आठवड्याला फिरतं. ज्याचा आठवडा असेल त्याने फोन उशाशी घेऊन झोपायचं. मध्यरात्री तो वाजला की काय घडतं, ते जरा जवळून बघू. लॅपटॉप उघडायचा, डोळे किलकिले करून इशारा वाचायचा: अमुक सर्व्हरची डिस्क पंच्याण्णव टक्के भरली आहे. मग एकेक फोल्डर उघडत जायचं आणि जागा कुणी खाल्ली ते शोधायचं. बऱ्याचदा लॉग निघतात. प्रणालीने आपण काय केलं याची सेकंदासेकंदाला करून ठेवलेली ती नोंद. जुने लॉग आपोआप दाबून, मग पुसून टाकणारं एक छोटं काम कधीतरी बंद पडलेलं असतं आणि कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. जुने लॉग दुसरीकडे हलवायचे, ते काम पुन्हा सुरू करायचं, आलेखाची रेघ खाली उतरताना पाहायची. शेवटी सकाळच्या लोकांसाठी चार ओळी लिहायच्या: काय झालं, काय केलं, काय बघायचं राहिलं. मग पुन्हा पांघरूण.

यात दिपवणारं काही नाही. आयटी म्हणजे रोज नवं काही घडवणं असं बाहेरून वाटतं. नवं घडतंही. पण आमचे बहुतेक दिवस, आणि जवळजवळ सगळ्या रात्री, जे चालू आहे ते चालू ठेवण्यात जातात. मला हे काम प्रिय आहे. ते नीट झालं की काहीच घडत नाही, आणि हे काहीच न घडणं लाखो लोकांच्या उपयोगी पडतं.

आता दुसरी गोष्ट मनात आणा: पाण्याची बादली.

वाकडला आम्ही तिघी एका फ्लॅटमध्ये राहतो. सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला आहे, त्यावर वार आहेत: ओला आणि सुका कचरा बाहेर ठेवण्याचा, फिल्टर भरण्याचा, गॅसवाल्यासाठी घरी थांबण्याचा, पोळ्या करणाऱ्या मावशींना दार उघडण्याचा. माझ्या ऑन-कॉलच्या आठवड्यात मावशींचं दार दुसऱ्या दोघी बघतात. हे कधी ठरवलं नव्हतं, एकदा झालं आणि रुळलं.

तिघींतली एक लातूरची. टँकर असो वा नसो, रात्री झोपण्याआधी ती एक बादली भरून झाकून ठेवते. वर ताट पालथं घालते, ताट हलतंय का हे बोटाने तपासते, मग दिवा घालवते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. जलदूत असं त्या गाडीचं नाव, आणि पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी पोहोचलं. ती तेव्हा शाळेत होती. नळाचं पाणी नळातून येत नाही, कुठून तरी कुणीतरी आणतं, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या दोघींच्या नकळत ती बादली आमचीही झाली आहे. सकाळी नळ कोरडा निघाला की तिघींचे दात त्याच पाण्यावर घासले जातात.

तुमच्या घरातली अशी बादली कोणती, ते बघा. पाण्याचीच असेल असं नाही. कुणीतरी रोज करतं, कुणी विचारत नाही, आणि एक दिवस राहिलं तर सगळ्यांचं अडतं, असं एखादं काम. ते कोण करतं? इथे थोडं थांबा.

मी विज्ञानकथा वाचते ती याच प्रश्नासाठी. यानं, परग्रहवासी, प्रकाशाचा वेग हे सगळं मला आवडतंच. पण भविष्यातलं कुठलंही शहर वाचताना मी आधी बघते की तिथली गटारं कोण साफ करतं. लेखकाने त्याचा विचार केला असेल तर ते शहर खरं वाटू लागतं.

ई. एम. फॉर्स्टरने १९०९ मध्ये ‘द मशीन स्टॉप्स’ लिहिली. माणसं जमिनीखाली एकेकट्या षटकोनी खोल्यांत राहतात. बटण दाबलं की अन्न, संगीत, बिछाना. एकमेकांशी बोलायचं ते एका तबकडीवर दिसणाऱ्या चित्रातून. स्पर्शाची त्यांना किळस येते. दूरचित्रवाणी घरोघरी यायच्या कितीतरी आधी त्याने आपला व्हिडिओ कॉल लिहून ठेवला, याचं सगळे कौतुक करतात. मला त्यातली वेगळी जागा हलवून जाते. यंत्र बिघडू लागतं तेव्हा आधी संगीतात खरखर येते, मग न्हाणीच्या पाण्याला वास येऊ लागतो. लोक तक्रार करतात, आणि मग त्यांना त्या वासाची सवय होते. संपूर्ण यंत्र समजणारा एकही माणूस उरलेला नसतो. दुरुस्ती करणारं यंत्रही दुरुस्तीला आलेलं असतं. मोठ्या प्रणालीवर काम केलेल्या कुणालाही हे वाचताना धस्स होतं, कारण आमच्याकडेही प्रत्येकाला आपापला तुकडा ठाऊक असतो. वासाची सवय होऊ न देणं, हाच ऑन-कॉलचा खरा अर्थ मी मानते.

यानंतर असिमॉव्ह घ्या, सावकाश घ्या. ‘द केव्ह्‌ज ऑफ स्टील’ १९५४ ची. पृथ्वीवरची माणसं छताखालच्या अवाढव्य शहरांत दाटीने राहतात. स्वयंपाकघर सामायिक, जेवणाचं टेबल सामायिक, न्हाणीघर आणि संडास सामायिक. पृथ्वीची लोकसंख्या त्याने आठ अब्ज कल्पिली होती, हजारो वर्षांनंतरची. आपण तो आकडा १५ नोव्हेंबर २०२२ ला गाठला. असिमॉव्हला ही दाटी गुदमरवणारी वाटते की उबदार, हे शेवटपर्यंत नक्की कळत नाही, आणि मला ते फार खरं वाटतं. माझे आजोबा गिरणीत होते. मुंबईच्या गिरणगावात एका खोलीत डझनभर माणसं राहत. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. जेवण खानावळीत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांचे कष्ट पुरुषांच्या आठवणींत क्वचितच येतात. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते त्या बायकांसाठी. चाळीच्या प्रेमात पडून लिहिणाऱ्यांनी नळावरची पहाटेची रांगही लिहावी, असं मला वाटतं. दोन्ही एकाच जागेची सत्यं आहेत.

त्याच असिमॉव्हने १९५७ मध्ये ‘द नेकेड सन’मध्ये उलट टोक दाखवलं. सोलारिया नावाचा ग्रह, माणसं फक्त वीस हजार, आणि माणशी दहा हजार यंत्रमानव. प्रत्येकाची जहागिरी एवढी मोठी की शेजारी कधी दिसत नाही. भेटीगाठी होतात त्या प्रतिमांच्या. समोरासमोर एका खोलीत बसायची वेळ आली तर ही माणसं घामाघूम होतात.

मार्च २०२० नंतरचे टाळेबंदीचे महिने आठवा. मी इथे मुद्दाम थांबते आहे, ज्याचे त्याने आठवावेत.

आम्ही आयटीवाले तेव्हा रातोरात सोलारियाचे रहिवासी झालो. काम चाललं, उत्तम चाललं. घरी राहून पगार मिळणं ही किती मोठी सवलत होती, हे रस्त्याने चालत गावी निघालेल्यांकडे पाहून कळत होतं. आणि तरीही काहीतरी वाळत गेलं. कोड तपासताना शेजारचा खुर्ची ओढून येतो, ‘हे बघ गं जरा’ म्हणतो, आणि ज्यासाठी आला ते सोडून दुसरंच काही सापडतं, तसं व्हायचं थांबलं. तिकिटात, म्हणजे कामाच्या नोंदीत, लिहिलेलं तेवढंच एकमेकांपर्यंत पोहोचू लागलं.

माझा कल कुठे आहे ते सांगते. सोलारियाच्या जहागिरीपेक्षा मला फ्रिजवरचा कागद बरा वाटतो. उर्सुला ले ग्विनच्या ‘द डिस्पझेस्ड’मध्ये असा कागद अख्ख्या जगाला लावला आहे. अनारेस हा कोरडा, गरीब चंद्र. तिथे कुणाचं काही मालकीचं नाही, कामाच्या जागा संगणक सुचवतो, आणि दर दहा दिवसांतला एक दिवस प्रत्येकाने घाणीचं, कष्टाचं काम करायचं असतं, मग तो भौतिकशास्त्रज्ञ का असेना. ले ग्विनने तिथला दुष्काळ लपवलेला नाही, माणसांची टोचून बोलायची खोडही लपवलेली नाही. सहजीवनावर प्रेम करून त्याच्याबद्दल खरं लिहिणं तिच्याकडून शिकावं.

ते पुस्तक १९७४ चं. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ला बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ते जयंत विष्णू नारळीकर निघाले, आद्याक्षरं उलटी करून आलेले. नाव न बघता कथा वाचली जावी, एवढीच त्यांची इच्छा. मी शाळेत असताना त्यांची ‘वामन परत न आला’ वाचली. जमिनीखाली गाडलेल्या एका लोपलेल्या प्रगत संस्कृतीच्या ठेव्यातून वामन हा यंत्रमानव घडतो. तेव्हा मी वामनाकडे बघत होते. आता मन त्या संस्कृतीकडे जातं: एवढं सगळं जमलेली ती माणसं गेली कुठे? माझ्या शेजारी आज कोड लिहून देणारं यंत्र आहे, मी ते वापरते, ते पुष्कळदा बरोबर असतं. त्याने लिहिलेल्या ओळी समजून घ्यायचा कंटाळा मात्र मी येऊ देत नाही. अपरात्री फोन वाजतो तो मलाच.

शेवटी पुन्हा सेकंदांकडे येऊ. व्हर्नर विंजच्या ‘अ डीपनेस इन द स्काय’मध्ये, १९९९ च्या कादंबरीत, हजारो वर्षांनंतरचे अंतराळव्यापारी वेळ सेकंदांतच मोजतात. मोजणी माणूस चंद्रावर उतरला तिथून सुरू झाली, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात ती काही महिने पुढे, एका जुन्या संगणकप्रणालीच्या शून्यापासून चालत आलेली असते. त्यांच्या जहाजांत शतकानुशतकांचे कोडचे थर साचले आहेत, आणि ते उकरून समजून घेणं हा तिथला मोठा मानाचा पेशा आहे. मला हे वाचून भरून आलं. माझ्या पेशाचं इतकं सुंदर भविष्य कुणी लिहिलेलं मी वाचलं नव्हतं.

आमच्या वाट्याचा एक थर असा. जुन्या प्रणालींत हे सेकंद बत्तीस बिटांत ठेवले आहेत आणि तिथे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंतच आकडा मावतो. तो भरेल १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. त्यापुढच्या सेकंदाला न सुधारलेलं यंत्र तारीख दाखवेल डिसेंबर १९०१. २०३८ मध्येच, बरोबर सहा महिन्यांनी, १९ जुलैला, नारळीकरांची जन्मशताब्दी आहे. २०३८ लांब वाटतं, पण वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता आताच त्यापलीकडे पडतो, म्हणून काम आताचंच आहे. चौसष्ट बिटांची जागा करून दिली की मोजणी अब्जावधी वर्षं पुरते. तोवर डेटाबेसमधला एकेक तक्ता उघडून, तारखेचा रकाना बघून, बदलून, तपासून पुढे जायचं. आमच्या टीममध्ये हे तिकीट हातोहात फिरतं आहे. पुढच्या सोमवारी ते माझ्याकडून नव्याने आलेल्या मुलीकडे जाईल. कोणते तक्ते झाले, कोणते राहिले आणि शंका आली तर आधी कुठला लॉग उघडायचा, एवढं मी तिच्यासाठी त्यात लिहिलं आहे.